वर्गात खाऱ्या पाण्याची टाकी : बीड जिल्ह्यातल्या शाळेत प्रवाळ ठेवता येईल का?

फळाखडू | ११ एप्रिल

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने शाळेला देणगी दिली आहे आणि मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच बजावलंय की आणखी एक प्रोजेक्टर नको. आठवीच्या वर्गात तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी करावी आणि त्यात खडक, मासे, जमलं तर जिवंत प्रवाळ ठेवावं असं डोक्यात आहे. गोड्या पाण्याच्या टाक्या मी बरीच वर्षं सांभाळतोय, खाऱ्या पाण्यात पहिल्यांदाच उतरतोय.

आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. कोकणात जायचं तर एसटीत रात्र काढावी लागते. पुस्तकात 'प्रवाळ' या शब्दाखाली एक चित्र असतं, तेवढीच ओळख.

अडचणी मला दिसतात त्या अशा. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे. वीज बेभरवशाची. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी. आणि एक बाळबोध प्रश्न : किराणा दुकानातलं खडे मीठ चालेल का? हसू नका, विद्यार्थ्यांनी विचारलंय आणि मला नीट उत्तर देता आलं पाहिजे.

टीडीएसकाका | ११ एप्रिल

मास्तर, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. खडे मीठ चालत नाही, आणि ते का हे सांगताना एक अख्खा तास जाईल.

मिठागरात समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा त्यातले क्षार एकदम खाली बसत नाहीत, पाळीपाळीने बसतात. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, त्यानंतर आपलं खायचं मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार शेवटच्या कडू पाण्यात राहून जातात. मिठागरवाले मधलं तेवढं उचलतात. तुमच्या हातात येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराईड. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराईड मिळून साधारण ८५ टक्के असतात, पण जीव अडतो तो उरलेल्या पंधरावर. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं. शिंपला, शंख, प्रवाळ सगळे त्यातून घर बांधतात. म्हणून टाकीसाठी बनवलेलं समुद्री मीठच आणायचं. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. तुमच्या टाकीत काठोकाठ १९० लिटर मावतील, खडक आणि वाळू वजा जाता दीडशे धरा. म्हणजे पहिल्या भरणीला साडेपाच किलोच्या आसपास मीठ.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, प्लास्टिकचा काटावाला हायड्रोमीटर नको. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. आणि रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही, हजारी ३५ क्षारतेच्या द्रावणावर तपासून घ्यावा लागतो.

पाणी आरओचं, त्यापुढे डीआय रेझिनमधून (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या मण्यांतून) काढलेलं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. घरातल्या आरओवर विसंबू नका. चव यावी म्हणून त्यात कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळे नळाला साठ-सत्तर टीडीएस येतो. तो मिसळणीचा स्क्रू बंद करून घ्या.

पंचनामा | ११ एप्रिल

सर, टाकीची ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचा.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. त्याच्या पहिल्या सूचीत २००१ साली प्रवाळ घातलं गेलं : खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे. म्हणजे कागदावर प्रवाळ वाघाच्या पंगतीला बसलेलं आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सूच्या नव्याने लिहिल्या गेल्या, पण खडक बांधणारं प्रवाळ पहिल्या सूचीतून हललेलं नाही. या सूचीतल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत कैद. शाळा आहे, शिकवायला ठेवलंय, ही सबब चालणार नाही.

किती गांभीर्याने घेतात याचं उदाहरण मुंबईचंच आहे. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळाच्या वसाहती सापडल्या. २०२० मध्ये त्यातल्या १८ वसाहती दुसरीकडे हलवल्या, त्यासाठी सरकारी यंत्रणेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली. तळहाताएवढे तुकडे होते त्यातले काही.

'लाइव्ह रॉक' नावाने जो खडक विकतात तो म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा. त्यालाही हाच कायदा. दुकानदार 'सगळे ठेवतात हो' म्हणेल. म्हणू दे.

कडूकारले | ११ एप्रिल

झालं. प्रवाळच नाही तर कसली प्रवाळाची टाकी? विषय संपला.

आणि संपला नसेल तर माझा मूळ आक्षेप ऐका. तुमच्या तालुक्यात एप्रिलपासून टँकर. आरओ एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो. मुलं घरून बाटलीत पाणी घेऊन येणार आणि वर्गात मासे आरओच्या पाण्यात पोहणार. गावकऱ्यांना हे कसं सांगणार आहात, तेही लिहा.

फळाखडू | १२ एप्रिल

पंचनामा, मनापासून आभार. कठीण प्रवाळ बाद. मला वाटलं होतं कुठेतरी पैदास केलेलं तरी मिळेल.

कडूकारले, आक्षेप मान्य आहे, आणि माझ्याही मनात तो होता. त्यावर विचार सुरू आहे.

सातासमुद्रापल्याड | १२ एप्रिल

मी न्यू जर्सीत मिडल स्कूलला शिकवते. आमच्या इमारतीत अशी टाकी आहे, प्रवाळासकट. इथे टाक्यांतच तोडून वाढवलेले तुकडे दुकानात आणि छंदिष्टांकडे कायदेशीर मिळतात, त्यामुळे आमचं शॉपिंग तुम्हाला उपयोगी नाही. पण वर्गात टाकी ठेवली की काय होतं ते सांगते.

आमच्याकडे हिवाळ्यात खिडक्या बंद. रविवारी टाकीच्या पाण्याचा पीएच ८.२ आणि शुक्रवारी दुपारी ७.८. टाकीत काहीच बदललेलं नसायचं. कारण शोधलं मुलांनीच : पंचवीस पोरं बंद खोलीत श्वास सोडतात, तो कार्बन डायऑक्साईड पाण्यात विरघळतो, कार्बोनिक आम्ल होतं. मग एकाने विचारलं, मग सगळ्या जगाच्या धुराचं काय? समुद्राचा सरासरी पीएच औद्योगिक क्रांतीपासून ८.२ वरून ८.१ च्या आसपास आलाय, हे मी त्याआधी दोनदा फळ्यावर लिहून दाखवलं होतं. त्या दिवशी लिहावं लागलं नाही.

सर, यासाठी प्रवाळ लागत नाही हो. खारं पाणी, पीएच मीटर आणि वर्गभर मुलं पुरतात.

टीडीएसकाका | १२ एप्रिल

ताईंनी दार उघडून दिलं, मी आत शिरतो.

मास्तर, प्रवाळाशिवाय भिंत शिकवा. प्रवाळभिंत एकटं प्रवाळ बांधत नाही. तुकड्यांना सांधणारा चुना बराचसा कोरलाईन शैवालाचा असतो, खडकावर गुलाबी-जांभळा पापुद्रा दिसतो तो. आणि भिंतीमागची पांढरी वाळू अनेक ठिकाणी हालिमेडा नावाच्या हिरव्या शैवालाच्या चकत्यांची असते. निवडुंगाची चपटी पानं एकापुढे एक ओवावीत तसं दिसतं ते. प्रत्येक चकतीत कॅल्शियम कार्बोनेट, मेली की पांढरी होऊन खाली पडते. ही दोन्ही शैवालं आहेत, प्रवाळाच्या कलमात बसत नाहीत. छंदिष्टांकडून टाकीत वाढवलेलं घ्या, समुद्रातून उपटून आणलेलं नको. जोडीला केटोमॉर्फा, हिरव्या तारेच्या घासणीसारखं गुंतवळ, ते नायट्रेट खातं.

खडक सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा घ्या. सिमेंटचा असेल तर महिनाभर पाणी बदलत भिजवा, नाहीतर पीएच चढतो.

मासे : क्लाऊनफिशची जोडी, पैदास केलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात क्लाऊनफिशची पैदास कधीच जमवली आहे आणि त्या तंत्रावर हॅचऱ्या चालतात. टाकीत जन्मलेला मासा दाणे खातो, समुद्रातून धरलेला कधीकधी उपाशी मरतो. शिवाय जीवशास्त्राच्या तासाला हा मासा म्हणजे मेजवानी. सगळे नर म्हणून वाढतात, गटात जो सगळ्यात दांडगा तो मादी होतो. मादी मेली तर तिचा नर मादी होतो. आठवीच्या वर्गात यावर काय चर्चा होईल ती इथे नक्की लिहा.

चिमणचारा | १२ एप्रिल

काका, सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ? झोआंथिड, ते प्रवाळाचे बटणांसारखे नातेवाईक? ते सूचीत नाहीत ना? फुलांच्या गालिच्यासारखे दिसतात, आमच्या ठाण्याच्या दुकानात आहेत.

टीडीएसकाका | १२ एप्रिल

शाळेत नको. कायदा बाजूला ठेवून सांगतो. झोआंथिड आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ, यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. बोटावर चीर असताना हात लावला, किंवा खडक साफ करायला उकळत्या पाण्यात टाकला आणि वाफ छातीत गेली, अशी माणसं इस्पितळात भरती झालेली आहेत. हौशी माणूस हातमोजे आणि चष्मा घालून काम करतो. तेरा वर्षांचं पोर मधल्या सुट्टीत काय करेल याची हमी कोण देणार?

रापणकर | १३ एप्रिल

मालवणातून लिहितोय. आमच्याकडे शाळांना समुद्राचा पाणीच मिळता, मग मीठ कशाक, असा काही लोक म्हणतील, म्हणून कोकणातल्या मास्तरांसाठी दोन शब्द. पावसात खाडीचा पाणी भरू नकात. जून ते सप्टेंबर नद्यांचं पाणी उतरतं, क्षारता पडते, गाळ वर येतो. भरायचंच तर थंडीत किंवा उन्हाळ्यात, खाडीच्या मुखापासून लांब, भरती पूर्ण झाल्यावर, होड्या लागतात त्या जेटीपासून दूर. आणून अंधारात झाकून ठेवा, मग गाळा.

दुसरं म्हणजे किनाऱ्यावरून काही उचलून टाकीत घालायचं नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. पर्यटक शंख-प्रवाळ खिशात घालून नेतात, त्यांना आम्ही अडवतो, आणि मग शाळेची पोरंच बादली घेऊन आली तर तोंड कुठे लपवायचं? समुद्री घोडा तर अजिबात नाही. तो कायद्याने संरक्षित आहे, आणि टाकीत जगवणंही कठीण.

बीडच्या मास्तरांनी रत्नागिरीचं मत्स्यालय मुलांना दाखवावं, कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं आहे. सहल काढाच.

वायरमनकाढा | १३ एप्रिल

टाकी, मासे, शैवाल सगळं झालं. विजेचं कुणी बोललंच नाही.

खारं पाणी म्हणजे उत्तम वाहक. वर्गातल्या जुन्या बोर्डाला टाकी जोडू नका. वेगळी लाईन, खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), एवढं झाल्याशिवाय पंप चालू करायचा नाही. प्लग टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, आणि वायर खाली लोंबवून मग वर न्या, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोचत नाही. मीठ वायरीवरून चढतं, पांढरे खडे दिसतील, दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा.

वजन : पाणी, काच, खडक मिळून दोनशे किलोच्या पुढे. बाकावर नाही. लोखंडी स्टँड, तळमजला, भिंतीला लागून, खिडकीच्या उन्हापासून लांब.

लोडशेडिंगला इन्व्हर्टर परवडत नसेल तर बॅटरीचा हवापंप घ्या, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. माशांना पाणी हलतं राहिलं की पुरतं. दिवा दोन तास बंद राहिल्याने कुणी मरत नाही, प्राणवायू संपल्याने मरतं.

कडूकारले | १३ एप्रिल

माझ्या प्रश्नाला अजून उत्तर नाही. पाणी.

फळाखडू | १५ एप्रिल

हे घ्या उत्तर, वर्गाने मिळून काढलेलं. टाकी एप्रिलमध्ये नाही, जूनमध्ये शाळा उघडल्यावर भरायची. पाणी बोअरचं नाही, पावसाचं. शाळेची गच्ची स्लॅबची आहे, पन्हळीला प्लास्टिकची पाचशे लिटरची टाकी लावायची. काका, चालेल का?

टीडीएसकाका | १५ एप्रिल

उत्तम. पहिल्या तीन-चार सरी वाया जाऊ द्या, गच्ची धुऊन निघते. नंतरच्या पाण्याचा टीडीएस वीस-तीसच्या आत येईल. कार्बन आणि डीआय रेझिनमधून काढा, आरओ लागणारच नाही, म्हणजे गटारात एक थेंब नाही. पत्र्याचं छप्पर असतं तर नाही म्हटलं असतं, जस्ताचा मुलामा पाण्यात उतरतो आणि शंखांना जस्त-तांबं सोसत नाही. साठवण झाकलेली हवी, डास.

उन्हाळ्याचं ऐका. पाणी गार करणारं यंत्र, चिलर, टाकीपेक्षा महाग पडेल. पण तुमच्याकडे मुंबईवाल्यांकडे नाही अशी एक गोष्ट आहे, कोरडी हवा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. माठ गार होतो तेच तत्त्व. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापी जे तापमान दाखवतो तिथपर्यंतच पाणी थंड होऊ शकतं, आणि मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना ते बावीस-चोवीसच्या आसपास असतं. मुंबईत पारा चौतीसवर असला तरी हवा ओली, तिथे ते सत्तावीसपर्यंत जातं, मग पंखा नुसता फिरतो. तुमच्या प्रयोगशाळेत ओला-कोरडा तापमापी असेल, मुलांकडून आजच मोजून घ्या.

किंमत पाण्यात मोजावी लागेल. पंखा चालू असताना दिवसाला चार-पाच लिटर उडतील. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. काचेवर रेघ मारा, रोज रेघेपर्यंत. या एका नियमात नवशिक्यांच्या निम्म्या टाक्या बुडतात, लोक मिठाचंच पाणी भरत राहतात आणि क्षारता चढत जाते.

कडूकारले | १५ एप्रिल

पावसाचं पाणी असेल तर माझा आक्षेप मागे. पण टँकर लागल्यावर मे महिन्यात त्या चार-पाच लिटरचं काय, ते बघायला मी परत येणार.

फळाखडू | २९ जून

टाकी उभी राहिली. पंधरा जूनला शाळा उघडली, त्याच आठवड्यात पाऊस झाला, नशीब. पहिल्या सरी सोडून दिल्या. नंतरच्या पाण्याचा टीडीएस बावीस आला, रेझिननंतर शून्य.

आता नवसागराची गंमत. टाकीत मासा नाही, पण माशाची घाण खाणारे जिवाणू आधी वाढवायचे आहेत. त्यांना अमोनिया हवा. प्रयोगशाळेत अमोनियम क्लोराईडची बाटली होती. मुलांना सांगितलं की लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया हवा, पाणी दीडशे लिटर, अमोनियाचा रेणुभार १७, अमोनियम क्लोराईडचा ५३.५, काढा. उत्तर एका ग्रॅमच्या किंचित खाली. दहावीच्या मुलांनी काढलं आणि आठवीच्यांनी तराजूवर तोललं. बाजारात कल्हईवाल्यासाठी मिळतो तो नवसागर हाच, पण तो अशुद्ध असतो, म्हणून नको म्हटलं.

गावात बातमी अशी की मास्तरांनी काचेत मीठ-पाणी ठेवलंय आणि पोरं त्याकडे बघत बसतात. खरंच बघतात.

सातासमुद्रापल्याड | २९ जून

सर, या दिवसांत घाई करू नका. शाळेच्या टाक्या मरतात त्या इथेच. कुणीतरी पालक उत्साहाने मासा आणून देतो, किंवा उद्घाटनाची तारीख ठरलेली असते. आमच्याकडे दर दोन दिवसांनी तीन चाचण्या करायचे : अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. आलेख भिंतीवर. तीन डोंगर एकामागून एक उठलेले दिसले की मुलांना न शिकवता कळतं की एक जिवाणू दुसऱ्याचं उष्टं खातो.

फळाखडू | २ ऑगस्ट

ताई, तसंच झालं. अमोनिया आधी नुसता पडून राहिला, मग घसरला. नायट्राइट वर गेला तो इतका की चाचणीच्या तक्त्यावरचा सगळ्यात गडद रंगही फिका वाटला. आता दोन्ही शून्य, नायट्रेट वाढतोय. परत एक मात्रा नवसागराची दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. एका मुलीने विचारलं, "सर, मासा नाही तर जेवण कुणासाठी टाकतो आपण?" हा प्रश्न मी सत्राच्या परीक्षेत जसाच्या तसा घालणार आहे.

खडकावर आणि वाळूवर तपकिरी साय आली आहे. काही मुलं हिरमुसली, टाकी घाण झाली म्हणून. काका, काय करू?

टीडीएसकाका | २ ऑगस्ट

काही नाही. डायटम आहेत, काचेच्या कवचाचं सूक्ष्म शैवाल, नव्या टाकीत येतातच, सिलिका संपली की जातात. त्यानंतर हिरवं येईल, कदाचित लालसर चिकट थरही येईल, तो सायनोबॅक्टेरियाचा. पुसायला घेण्याआधी ती साय काचपट्टीवर घ्या आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट करून बघा. काचेची कवचं, होडीसारखी, डबीसारखी, रेघारेघांची. मुलं हिरमुसलेली राहणार नाहीत.

ग्रामपंचायत डेंग्यूसाठी धूर फवारते का? फवारणीत पायरेथ्रॉईड हे कीटकनाशक असतं, मासे आणि शंख दोघांनाही घातक. त्या दिवशी खिडक्या बंद, टाकी ओल्या चादरीने झाकून, हवापंप तेवढ्यापुरता बंद. वर्गात डासांचा स्प्रे कायमचा बाद. फरशी पुसायला फिनेल टाकीजवळ नको.

फळाखडू | २४ ऑगस्ट

क्लाऊनफिशची जोडी आली, सहा शंख, हालिमेडाचा एक झुबका आणि केटोमॉर्फा. मासे पुण्याहून रात्रीच्या गाडीने, थर्माकोलच्या खोक्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीतून. क्षारता जुळवत तासभर थेंब-थेंब पाणी सोडलं. झाकण म्हणून जाळी लावली आहे, हात बाहेर आणि मासे आत राहावेत म्हणून.

केटोमॉर्फाबरोबर न मागितलेले पाहुणे आले : काचेवर पांढरे ठिपके पळतात. कोपेपॉड, कोळंबीचे इवलेसे भाऊबंद. भिंगाने दिसतात. सध्या माशांपेक्षा त्यांच्यापुढे गर्दी जास्त आहे.

नर-मादीच्या मुद्द्यावर काकांनी वृत्तांत मागितला होता. मुलांनी शांतपणे ऐकलं. शिक्षकांच्या खोलीत मात्र चर्चा अर्धा तास चालली.

अल्कलिनिटीचं, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याचं, टायट्रेशन अकरावीच्या मुलांना दिलंय, मिथिल ऑरेंज घालून. हालिमेडा वाढतेय तशी अल्कलिनिटी उतरतेय, त्या उतरणीवरूनच ती किती चुना बांधते याचा हिशेब होतो. काका, भरपाई कशाने करू? महागडी बाटली घ्यावी लागेल का?

टीडीएसकाका | २५ ऑगस्ट

चुन्याची निवळी. परदेशात यालाच मोठं जर्मन नाव देऊन विकतात. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साईड प्रयोगशाळेतलं, पानाचा चुना नको. लिटरभर गोड्या पाण्यात चमचाभर, ढवळून बसू द्या, वरची स्वच्छ निवळी घ्या, खालचा गाळ नाही. रोजची भर घालायची असतेच, त्यातला थोडा भाग निवळीचा. पीएच १२.४ असतो, म्हणून थेंब-थेंब, सकाळी लवकर, पंपाच्या प्रवाहात, आणि हे काम शिक्षकाचं, मुलांचं नाही. सुरुवातीला आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत असाल तर निवळीची गरजही फारशी पडायची नाही. आधी मोजा, मग घाला.

निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते हा प्रयोग तुम्ही दरवर्षी करत असालच. या वर्षी तो टाकीशेजारी उभं राहून करा.

पंचनामा | २५ ऑगस्ट

एक सूचना. मासे, शंख, शैवाल, सगळ्याच्या पावत्या एका फाईलीत ठेवा, पावतीवर प्रजातीचं शास्त्रीय नाव लिहून घ्या. उद्या कुणी तक्रार केली तर मुख्याध्यापिकाबाईंना धावपळ नको. आणि प्रयोगशाळेच्या कपाटात जुना प्रवाळाचा तुकडा आहे का बघा. बहुतेक शाळांत असतो. असेल तर त्याबद्दल वनखात्याला लेखी विचारून घ्या.

फळाखडू | २६ ऑगस्ट

आहे. विचारतो.

कडूकारले | ३ मे

आलोच म्हटलं होतं. टँकर सुरू झाले का? मासे आहेत का?

फळाखडू | ४ मे

दोन्ही आहेत. टँकर मार्चअखेरीस सुरू झाले. पावसाचं साठवलेलं पाणी एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरलं, पंखा लागल्यावर भराभर उतरलं. मग आरओ लावावा लागला. सोडलेलं पाणी मुलांच्या स्वच्छतागृहाच्या टाकीत जातं, नळी तशीच जोडली आहे. तरी तुमचा मुद्दा पूर्ण खोडला असं म्हणणार नाही. पुढच्या पावसाळ्यात हजार लिटरची साठवण करायची, त्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज केलाय. बाहेर एकेचाळीस असताना टाकीचं पाणी सव्वीस-सत्तावीसवर आहे. काकांचा ओला-कोरडा हिशेब बरोबर निघाला.

हालिमेडाचा अर्धा झुबका फेब्रुवारीत एका रात्रीत पांढरा पडला. काकांनी फोनवर सांगितलं की ती जननपेशी सोडून मरते, तसं होतं. मुलांनी त्या चकत्या सुकवून विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्या. फसफसल्या. १५ एप्रिल २०२४ ला अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेने चौथं जागतिक प्रवाळ-विरंजन जाहीर केल्याचं आणि लक्षद्वीपलाही त्याची झळ बसल्याचं वाचून दाखवलं तेव्हा एकाने विचारलं की पांढरं झालेलं प्रवाळ आम्लात टाकलं तर फसफसेल का. फसफसेल म्हटलं, पण विरंजन झालेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, त्याच्या पेशींतलं शैवाल निघून गेलेलं असतं, पाणी वेळेत गार झालं तर ते परत येतं. हालिमेडाचं पांढरं होणं आणि प्रवाळाचं पांढरं होणं वेगळं, हे नीट सांगावं लागलं.

चिमणचारा | ४ मे

आणि सुट्टीत कोण बघतं?

फळाखडू | ४ मे

शिपाईमामा. सुरुवातीला त्यांना हे थेर वाटलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्या त्यांच्याकडेच, म्हणून मी रोजच्या दाण्यांच्या पुड्या बांधून, वार घालून दिल्या. एका वारी दोन पुड्या नाहीत, हा एकच नियम. पाण्याची रेघ आणि तापमान ते वहीत लिहितात. त्यांच्या नोंदी माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा नेटक्या आहेत. मे महिन्यात आठवड्यातून दोनदा मी जातो, गावातली चार पोरं पाळीने येतात. स्वयंचलित खाद्ययंत्र घ्यायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता, पण वीज गेली-आली की त्याचं घड्याळ बिघडतं आणि ते सगळं खाद्य एकदम ओततं. पुड्या बऱ्या.

चिमणचारा | ५ मे

आमच्या ठाण्याच्या शाळेतही आता टाकीचं ठरतंय. क्लाऊनफिशला अ‍ॅनिमोन, म्हणजे समुद्रफूल, लागतोच ना? आणि आम्ही समुद्राजवळ आहोत, तर सुरुवात कशी करावी?

टीडीएसकाका | ५ मे

अ‍ॅनिमोन लागत नाही. पैदास केलेल्या जोडीने तो कधी पाहिलेलाही नसतो. ते एखादा कोपरा किंवा पंपाची नळी धरून बसतात. अ‍ॅनिमोनला वर्षभर जुनी, स्थिर टाकी लागते, आणि तो फिरत फिरत पंपात अडकला तर एका रात्रीत सगळं पाणी नासवतो.

ताई, ठाण्यात पंख्याने भागणार नाही, हवा ओली. चिलरचे पैसे धरा, नाहीतर टाकीचा विचार सोडा. तुमच्याकडे दुसरा मार्ग आहे, बीडच्या मास्तरांकडे नाही असा. ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र तुमच्या अगदी जवळ. आणि मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला मुलांना घेऊन जा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून अशा फेऱ्या काढतात. अ‍ॅनिमोन, झोआंथिड, समुद्री गोगलगायी, सगळं हाजी अली आणि कार्टर रोडला जागेवर दिसतं. बघायचं, हात लावायचा नाही, उलटवलेला दगड परत तसाच ठेवायचा.

तारीख ठरवताना भरतीचं कोष्टक बघा. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या सुमारास असते, म्हणजे मोठी ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास. सकाळची घ्या. पावसाळ्यात नाही. रबरी तळव्याचे बूट, आणि दर सात-आठ मुलांमागे एक मोठं माणूस.